निवडक आकड्यांची सरासरी: पायथनची पहिली फंक्शनं लिहिताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या फोंड्यात रविवारी सकाळी पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा आमचा एक छोटा वर्ग भरतो. बारावीची आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलं असतात, आणि त्यांच्यात एक सेवानिवृत्त मास्तरही येऊन बसतात. मास्तरांच्या अंगणात पर्जन्यमापक आहे, आणि रोज सकाळी साडेआठला ते वहीत पाऊस लिहितात. ती वही हाच आमचा पहिला डेटा. दर वर्षी तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाचे लिहून ठेवतो. खालचे आकडे हिशेबाला सोपे पडावेत म्हणून मी जुळवलेले आहेत, मास्तरांच्या वहीतले नाहीत.

कोड देवनागरीत का लिहिला आहे? असाच टाइप केला तर चालेल का?

अर्धाच चालेल. वर्गात आम्ही कोड मोठ्याने वाचतो, आणि इथे तो जसा वाचतो तसाच लिहिला आहे. डेफ, फॉर, इफ, रिटर्न, सम, लेन हे पायथनचे स्वतःचे शब्द. ते टाइप करताना इंग्रजी लिपीतच हवेत, आणि कोडमधले अंकही इंग्रजी हवेत. पण तुम्ही ठेवलेली नावं, म्हणजे पाऊस, मर्यादा, बेरीज, पायथन ३ देवनागरीतही बिनतक्रार स्वीकारतो.

एक खोच मात्र आहे. काही कीबोर्ड 'र्‍य' सारखं जोडाक्षर लिहिताना मध्ये एक न दिसणारं अक्षर घालतात. पायथनला ते दिसतं, आपल्याला दिसत नाही, आणि ओळ अगदी बरोबर दिसत असताना सिंटॅक्स एरर (कोड लिहिण्यातली चूक) येते. म्हणून नावं साधी ठेवा. 'वारा' चालेल, 'वाऱ्याचा_वेग' च्या वाटेला जाऊ नका.

सरासरीसाठी फंक्शन कशाला? कॅल्क्युलेटर आहे की.

आठवड्याला एकदाच काढायची असेल तर कॅल्क्युलेटरच बरा. जून ते सप्टेंबर चार महिने, दर महिन्याची, तीही तीन वेगवेगळ्या अटी लावून काढायची असेल, तर एकदा फंक्शन, म्हणजे नाव देऊन ठेवलेली कृती, लिहिलेलं परवडतं.

सगळ्यात साधं फंक्शन कसं दिसतं?

डेफ सरासरी(नोंदी):
    रिटर्न सम(नोंदी) / लेन(नोंदी)

सगळ्यांची बेरीज, भागिले किती आहेत ते. आपली यादी धरा:

पाऊस = [०, १२.५, ०, ४८, ८६, १.५, ६]

बेरीज १५४, दिवस ७, सरासरी २२ मिलिमीटर. हे आधी कागदावर करा आणि मग यंत्राला विचारा. उलट क्रमाने केलंत तर यंत्र जे सांगेल ते खरं वाटू लागतं.

जुन्या पुस्तकांत किंवा कॉलेजच्या जुन्या नोट्समध्ये भागाकाराआधी संख्येला फ्लोट (म्हणजे दशांश संख्या) करून घेतलेलं दिसेल. ती पायथन २ ची सवय. तिथे दोन पूर्णांकांचा भागाकार पूर्णांकच यायचा, ७ भागिले २ म्हणजे ३. पायथन ३ मध्ये ३.५ येतं. पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद आहे, त्यामुळे त्या नोट्स रद्दीत दिल्या तरी चालेल.

यात निवड कुठे बसवायची?

घरी तांदूळ निवडताना बघा. ताटातला एकेक दाणा नजरेखालून जातो, खडा दिसला की बाजूला. फंक्शनही तेच करतं, फक्त खडा कशाला म्हणायचं ते तुम्ही सांगायचं असतं.

डेफ निवडक_सरासरी(नोंदी, मर्यादा):
    बेरीज = ०
    मोजणी = ०
    फॉर मिमी इन नोंदी:
        इफ मिमी >= मर्यादा:
            बेरीज = बेरीज + मिमी
            मोजणी = मोजणी + १
    रिटर्न बेरीज / मोजणी

लक्ष मोजणीवर ठेवा. बेरीज निवडक आकड्यांची केली आणि भागलं मात्र लेन(नोंदी) ने, म्हणजे सगळ्या दिवसांनी, ही चूक मी दर वर्षी निदान चार वह्यांत बघतो. वरून जे गाळलं ते खालूनही गाळायला हवं.

हात बसला की हेच काम दोन ओळींत होतं:

    निवडक = [मिमी फॉर मिमी इन नोंदी इफ मिमी >= मर्यादा]
    रिटर्न सम(निवडक) / लेन(निवडक)

पायथनवाले याला लिस्ट कॉम्प्रिहेन्शन म्हणतात. लांबलचक रूप एकदा हाताने लिहिल्याशिवाय इकडे येऊ नका.

शून्य ठेवायचं की काढायचं?

खरा प्रश्न हाच, आणि याचं उत्तर पायथनकडे नाही.

वरच्या यादीत दोन दिवस शून्य आहेत. सगळे दिवस धरले तर सरासरी २२. शून्यं काढली तर १५४ भागिले ५, म्हणजे ३०.८. आता हवामान खात्याची व्याख्या लावा: २४ तासांत २.५ मिलिमीटर किंवा जास्त पडला तरच तो 'पावसाचा दिवस'. मग १.५ वाला दिवसही गळतो, उरतात चार, बेरीज १५२.५, सरासरी ३८.१२५. एकाच आठवड्याची ही तीन उत्तरं, आणि गणित तिन्हींचं बरोबर आहे. पहिलं सांगतं की आठवडाभर रोज साधारण किती पडला. तिसरं सांगतं की पडतो तेव्हा किती पडतो. विहिरीत पाणी किती येईल याचा अंदाज घ्यायचा असेल तर मला पहिलं हवं. गटार किती रुंद ठेवायचं हे ठरवायचं असेल तर तिसरंही पुरणार नाही. तिथे मर्यादा ६४.५ घेऊन बघावं लागेल, कारण त्या आकड्यापासून पुढे खातं 'जोरदार पाऊस' धरतं.

कोरड्या दिवसाचं शून्य ही खरी नोंद आहे. मास्तर सकाळी उठले, छत्री घेऊन अंगणात गेले, नळकांडं कोरडं होतं, तसं त्यांनी लिहिलं. ते शून्य मेहनतीचं आहे.

आता दुसरं शून्य बघा. वर्गातल्या एका मुलाच्या घरची मालिम जेटीवर ट्रॉलर आहे. एप्रिल ते ऑगस्ट त्यांना बांगड्याचा किलोमागे काय दर मिळाला, ते त्याने लिहून आणलं:

दर = [१८०, २२०, ०, ०, २००]

सरासरी आली १२० रुपये. तो म्हणाला, "सर, हें कित्याक चुकता?" गणित चुकलेलं नव्हतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. ट्रॉलर धक्क्याला, विक्रीच नाही. त्या दोन महिन्यांत बांगडा शून्य रुपयांना विकला गेला नाही, विकलाच गेला नाही. ही शून्यं काढली की ६०० भागिले ३, म्हणजे २०० रुपये. १२० हा दर त्या घराने त्या पाच महिन्यांत एकदाही पाहिलेला नाही.

पावसाचं शून्य ठेवायचं आणि माशाच्या दराचं काढायचं. दोन्हीकडे कोड जवळजवळ तोच, अक्षर तेच, आणि तरी एक माहिती आहे तर दुसरी माहितीचा अभाव. कोणतं कुठलं, हे वहीच्या मालकाला विचारल्याशिवाय कळत नाही.

नुसतं 'इफ मिमी' लिहिलं तरी चालतं असं एका व्हिडिओत पाहिलं. बरोबर?

चालतं, तेच तर वाईट. पायथन शून्याला खोटं समजतो, त्यामुळे ही अट शून्यं गुपचूप काढून टाकते, आणि २२ च्या जागी ३०.८ हातात येतं. एररही येत नाही. शून्यं काढायचीच असतील तर 'इफ मिमी > ०' असं उघड लिहा, म्हणजे सहा महिन्यांनी वाचणाऱ्याला कळेल की हे मुद्दाम केलंय.

नोंदच नसेल तर यादीत काय लिहायचं?

नन, म्हणजे 'काहीच नाही'. पायथनमध्ये त्याचं पहिलं अक्षर कॅपिटल असतं. शून्य नको, आणि उणे एक किंवा ९९९ सारखा खुणेचा आकडा तर मुळीच नको. खूण म्हणून लिहिलेलं ९९९ कधीतरी कुणीतरी बेरजेत घेतंच, आणि मग फोंड्यात एका दिवसात मीटरभर पाऊस पडतो.

नन असलेली यादी सरळ सम ला दिली तर टाइप एरर येते. येऊ दे, ती तुमच्या बाजूने ओरडतेय. अट अशी लिहा:

    इफ मिमी इज नॉट नन अँड मिमी >= मर्यादा

क्रम महत्त्वाचा. पहिला भाग खोटा ठरला की पायथन दुसऱ्याकडे बघतच नाही. उलटं लिहिलंत तर आधी नन ची तुलना २.५ शी होईल आणि तिथेच गाडी अडेल.

इथे मास्तरांनी आम्हाला एक गोष्ट शिकवली. ते लग्नाला कारवारला गेले आणि एक सकाळ चुकली. वहीत त्या दिवशी आडवी रेघ. आम्ही म्हटलं, नन. ते म्हणाले, "रेघ ठीक आहे, पण दुसऱ्या दिवशीचा आकडा बघा. नळकांडं कुणी ओतलंच नव्हतं, तो दोन दिवसांचा पाऊस आहे." कोणत्याही अटीने हे पकडता येत नाही. आम्ही त्या दोन्ही नोंदी रोजच्या सरासरीतून काढल्या, महिन्याच्या बेरजेत मात्र दुसरी ठेवली.

झीरो डिव्हिजन एरर का येते?

निवडीनंतर काहीच उरलं नाही म्हणून. फेब्रुवारीची यादी देऊन मर्यादा २.५ ठेवली तर मोजणी शून्यावरच राहते, आणि शून्याने भागता येत नाही. रिटर्नच्या आधी दोन ओळी घाला:

    इफ मोजणी == ०:
        रिटर्न नन

इथे बरीच मुलं रिटर्न ० लिहितात. नको. 'पावसाच्या दिवशी सरासरी शून्य मिलिमीटर' या वाक्याला अर्थच नाही, कारण पावसाचा दिवसच नव्हता. आत्ताच बांगड्यावरून जे भांडलो, तेच आपण स्वतःच्या हाताने पुन्हा करायचं का?

उत्तर नेहमी १२.५ च येतं. यादी कितीही मोठी केली तरी.

रिटर्न इफ च्या आत गेलंय. अटीत बसणारा पहिला आकडा सापडला, बेरीज १२.५, मोजणी १, आणि फंक्शन तिथेच संपलं. रिटर्न म्हणजे घरी जाणं, त्यानंतरचं काही होत नाही. ते डावीकडे आणून फॉर च्या सरळ रेषेत ठेवा. पायथनमध्ये ओळीआधीची मोकळी जागा शोभेची नसते.

पडद्यावर उत्तर दिसतं, पण पुढच्या ओळीत वापरायला गेलो की नन.

रिटर्नच्या जागी प्रिंट लिहिलंय. प्रिंट दाखवतं, देत नाही.

नको ते आकडे यादीतून रिमूव्ह करत गेलो. एक शून्य तरीही राहिलं. का?

कारण ज्या यादीवरून फॉर चालतोय तीच तुम्ही कापताय. दरांची यादी घ्या: १८०, २२०, ०, ०, २००. फॉर तिसऱ्या जागेवर आला, शून्य दिसलं, काढलं. मागचं शून्य सरकून तिसऱ्या जागी आलं, पण फॉर पुढच्या पावलाला चौथ्या जागेवर जातो, तिथे २००. दुसरं शून्य त्याच्या पायाखालून निसटलं. सरासरी येते ६०० भागिले ४, म्हणजे १५०. ना १२०, ना २००, आणि आकडा मात्र पटण्यासारखा. शून्यं शेजारी शेजारी नसती तर हाच कोड बरोबर चालला असता, म्हणून ही चूक लवकर सापडत नाही. मूळ यादीला हात लावू नका, निवडकांची नवी यादी करा.

फिल्टर नावाचं तयार फंक्शन आहे ना?

आहे. फिल्टर(अट, नोंदी) असं वापरतात, आणि अट म्हणून छोटं फंक्शन किंवा लॅम्ब्डा (बिननावाचं एका ओळीचं फंक्शन) देतात. पण पायथन ३ मध्ये फिल्टर यादी देत नाही, एकेक आकडा काढून देणारी व्यवस्था देतं. तिला लेन लावली की टाइप एरर. ती एकदाच वाहते, हे त्याहून जास्त गोंधळात टाकतं. तिच्यावर एकदा सम लावलं, मग पुन्हा लावलं, तर दुसऱ्यांदा शून्य येतं. आधी लिस्ट() मध्ये ओतून घेतलं की दोन्ही कटकटी मिटतात. माझं मत विचाराल तर नवख्याने लिस्ट कॉम्प्रिहेन्शन लिहावं, वाचायला सोपं पडतं.

दर वेळी मर्यादा लिहायचा कंटाळा येतो.

डेफ निवडक_सरासरी(नोंदी, मर्यादा=२.५):

मर्यादा दिली नाही तर २.५ धरली जाईल, ६४.५ दिली तर ती.

'इंट ऑब्जेक्ट इज नॉट कॉलेबल' म्हणजे काय?

तुम्ही वर कुठेतरी सम = ० लिहिलंय. आता सम म्हणजे बेरीज करणारं फंक्शन राहिलं नाही, नुसता आकडा झाला. व्हेरिएबलचं नाव मराठीत 'बेरीज' ठेवलं की ही भानगड होत नाही. मराठी नावांचा एवढा रोकडा फायदा मला दुसरीकडे कुठे दिसलेला नाही.

इनपुटने आकडे घेतले तर बेरीज होत नाही.

इनपुट नेहमी मजकूर देतं, संख्या नाही. आधी स्प्लिटने तुकडे करा, मग प्रत्येक तुकड्याला फ्लोट लावा. गंमत म्हणजे इथे देवनागरी अंक चालतात. फ्लोटला '१२.५' असा मराठी मजकूर दिला तर तो मुकाट्याने साडेबारा समजतो. मास्तरांची वही मराठी अंकांत आहे, ती तशीच टाइप करून आम्ही वाचून घेतली, आणि त्या दिवशी वर्गात सगळ्यात खूश मास्तरच होते. हजारांचा स्वल्पविराम मात्र आधी काढावा लागतो, नाहीतर व्हॅल्यू एरर.

सरासरी काढणारं तयार मीन फंक्शन असताना हे सगळं कशाला?

स्टॅटिस्टिक्स हे मॉड्यूल पायथन ३.४ पासून, म्हणजे २०१४ पासून सोबतच येतं. त्यात मीन आहे, मीडियन (क्रमाने लावल्यावर मधला आकडा) आहे, आणि ३.८ पासून वेगवान एफमीनही आहे. रिकामी यादी दिली तर मीन शून्य देत नाही, स्टॅटिस्टिक्स एरर देतं. शिकून झालं की खुशाल वापरा. पण निवड ते करत नाही. कोणते आकडे द्यायचे ते तुम्हालाच ठरवावं लागतं, आणि चुका तिथेच होतात.

फोंड्याची आणि वाळपईची सरासरी आहे. दोन्हींची मिळून काढायला बेरीज करून दोनाने भागू?

दोन्हीकडचे दिवस सारखे असतील तरच. फोंड्यात पावसाचे ४ दिवस, सरासरी ३८.१२५. वाळपईत समजा ६ दिवस, सरासरी ५०. दोनाने भागलं तर ४४.०६२५. खरं उत्तर १५२.५ अधिक ३००, भागिले १०, म्हणजे ४५.२५. निवड केल्यावर दोन याद्यांची लांबी सारखी राहणं हा योगायोगच, त्यामुळे हा धोका इथे जास्त. फंक्शनकडून सरासरीसोबत मोजणीही परत घ्या: रिटर्न बेरीज / मोजणी, मोजणी. स्वल्पविराम देऊन दोन्ही एकदम मिळतात.

३८.१२५ ला दोन दशांशांपर्यंत राउंड केलं तर ३८.१२ आलं. शाळेत ३८.१३ शिकवलं होतं.

शाळेचंही बरोबर आणि पायथनचंही. बरोबर मध्यावर असलेला आकडा पायथन सम, म्हणजे दोनाने भाग जाणाऱ्या, अंकाकडे झुकवतो, म्हणून राउंड(२.५) म्हणजे २ आणि राउंड(३.५) म्हणजे ४. नेहमी वरच ढकललं तर मोठ्या हिशेबात बेरीज फुगत जाते. शिवाय बरेचसे दशांश यंत्रात अचूक मावतही नाहीत. दहा वेळा ०.१ ची सम केली तर जुन्या आवृत्त्यांत एकाला किंचित कमी यायचं. ३.१२ पासून सम स्वतः ती काळजी घेतं आणि १.० येतं. राउंड शेवटी, दाखवताना करा, मधल्या पायरीवर नको.

माझं फंक्शन बरोबर आहे हे कसं ओळखू?

पाच याद्या देऊन बघा: रिकामी, एकाच आकड्याची, सगळी शून्यं असलेली, मध्येच नन असलेली, आणि सगळेच आकडे मर्यादेवर नेमके २.५ असलेली. शेवटच्या यादीत उत्तर २.५ न येता नन आलं, तर तुम्ही >= च्या जागी नुसतं > लिहिलंय. मास्तरांनी जुलैची वही या रविवारी आणायचं कबूल केलंय. ज्यांची फंक्शनं या पाचांतून पार पडतील त्यांनाच ती मिळेल, कारण वही एकच आहे आणि तिच्यावर चहा सांडलेला त्यांना चालत नाही.